दुसरा राउटर असतो, चाचणी अर्धवट असते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एखाद्या बँकेचे किंवा रुग्णालयाचे नेटवर्क बंद पडले की ‘पर्यायी यंत्रणा होती, पण ती कार्यान्वित झाली नाही’ असा खुलासा येतो आणि विषय तिथेच मिटतो. नेटवर्कचे काम करणारी व्यक्ती म्हणून मला हा खुलासा पटत नाही. यंत्रणा का चालली नाही, हे बहुतेक वेळा शोधता येते आणि आधी टाळताही येते.

पर्यायी यंत्रणा म्हणजे बहुधा राउटरची, म्हणजे आतले नेटवर्क बाहेरच्या लाइनशी जोडणाऱ्या यंत्रांची, जोडी. अशा जोडीसाठी व्हीआरआरपी हा प्रोटोकॉल, म्हणजे एक बंद पडल्यास दुसऱ्याने काम कसे हाती घ्यायचे याचे नियम, सर्रास वापरतात. त्याचे पहिले मानक १९९८ सालचे. मुख्य राउटर दर सेकंदाला ‘मी चालू आहे’ असा छोटा संदेश पाठवतो, दुसरा तो ऐकत बसतो. संदेश थांबले की नेहमीच्या सेटिंगमध्ये सुमारे ३.६ सेकंदांत दुसरा राउटर गेटवेचा, म्हणजे संगणक ज्या दारातून डेटा बाहेर पाठवतात त्याचा, सामायिक पत्ता स्वतःकडे घेतो. संगणकांवर काहीच बदलावे लागत नाही. व्यवस्था खरोखर सुरेख आहे.

गोम अशी की हे संदेश फक्त आतल्या नेटवर्कमध्ये फिरतात. बाहेरची लाइन तुटली तरी मुख्य राउटर आतून ठणठणीत असतो. तो ‘मी चालू आहे’ सांगत राहतो, दुसरा गप्प राहतो आणि सगळा डेटा बंद वाटेला लागतो. यावर ट्रॅकिंगचा उपाय आहे: लाइनवर लक्ष ठेवून ती गेली की मुख्य राउटरची प्रायॉरिटी आपोआप उतरवायची. प्रायॉरिटी म्हणजे अग्रक्रमाचा आकडा; ज्याचा मोठा तो मुख्य. पण तिथेही आकडे चुकतात. मुख्य ११०, दुसरा १०० आणि कपात १०ची ठेवली, तर दोघे १००वर येतात आणि बरोबरी झाल्यावर दुसरा पुढे येतच नाही! कपात २०ची हवी. त्यातून लाइन दूर कुठेतरी तुटली, तर आपल्या पोर्टचा दिवा हिरवाच राहतो. म्हणून पलीकडचा एखादा पत्ता उत्तर देतो का, हेही सतत तपासावे लागते. दोन्ही लाइन एकाच चरातून नेल्या असतील, तर मात्र यातले काहीच कामाला येत नाही.

चाचणी कशी होते? बऱ्याच ठिकाणी मुख्य राउटरची वीज बंद करतात, दुसरा सुरू झाला की अहवालावर सही होते. राउटर पूर्ण बंद पडणे हा सर्वांत सोपा बिघाड आहे. घात करतो तो अर्धवट बिघाड, आणि नेमकी त्याचीच चाचणी राहून जाते. राउटर चालू ठेवून बाहेरची केबल काढायची, ही चाचणी ठरावीक मुदतीने घेण्याची अट देखभालीच्या करारातच असली पाहिजे. सार्वजनिक सेवांच्या बाबतीत तिचा निकाल लोकांसमोरही यावा.

आपल्या वार्ताहरांना माझी कळकळीची विनंती आहे. पुढच्या वेळी असा खुलासा आला, तर एवढेच विचारावे: शेवटची चाचणी कधी झाली, आणि तेव्हा वीज बंद केली होती की लाइन काढली होती?

आपला विश्वासू,
एक नेटवर्क अभियंता