सहा बँडच्या पुढचे इंग्रजी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या शहर पुरवणीत ‘पंधरा दिवसांत सात बँड’ अशा जाहिराती हल्ली सर्रास दिसतात. बँड म्हणजे आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेतले नऊपैकी गुण. परदेशी नर्स म्हणून जाऊ इच्छिणाऱ्या मुली त्या वाचून क्लासची फी भरतात. मी मिरजेत बरीच वर्षे वॉर्डात काम केले आणि आता अशाच मुलींना इंग्रजी शिकवते. या जाहिरातींमुळे होणारे नुकसान मला जवळून दिसते, म्हणून हे पत्र.

ब्रिटनमध्ये नर्सची नोंदणी करणाऱ्या नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलला आयईएलटीएसमध्ये ऐकणे, वाचणे, बोलणे यांत ७ आणि लेखनात ६.५ बँड लागतात. माझ्याकडच्या मुली जत, तासगाव, कवठेमहांकाळकडच्या, बहुतेक मराठी माध्यमातल्या. साडेपाच-सहापर्यंत त्या स्वतःच्या कष्टाने येतात. काळ चुकत नाहीत, स्पेलिंग चुकत नाही. तिथून पुढे मात्र गुण हलत नाहीत. मग ऐकू येते, ‘मॅडम, आमचा पायाच कच्चा आहे, आमच्याच्यानं नाही व्हायचं.’ हे ऐकून मला फार वाईट वाटते, कारण त्यांचा पाया पक्का असतो. पुढचे इंग्रजीच निराळे आहे आणि हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

सुरुवातीच्या इंग्रजीत नियम हात धरतात. पुढे तसे होत नाही. ब्रिटनमध्ये पेशंट ‘इन हॉस्पिटल’ असतो आणि त्याला भेटायला गेलेला नातेवाईक ‘इन द हॉस्पिटल’. मराठीत ‘द’सारखे काहीच नसल्याने आपल्या कानाला हा फरक जाणवतच नाही. ‘पेशंट एक्स्पायर्ड’ आपण केसपेपरवर रोज लिहितो. त्यात व्याकरणाची चूक नाही, पण तिकडे साधे ‘डाइड’ लिहितात. आपल्या ‘टुडे मॉर्निंग’ला तिकडे ‘धिस मॉर्निंग’ म्हणतात. तिकडचा म्हातारा पेशंट ‘आय हॅड अ फनी टर्न’ म्हणाला, तर त्याला भोवळ आलेली असते. ‘फनी’ आणि ‘टर्न’ हे दोन्ही शब्द आपल्या मुलींना शाळेपासून ठाऊक आहेत, तरी वाक्य कळत नाही. ही तक्रार नर्सच्या कानावरून गेली आणि नोंदवली गेली नाही, तर तोच पेशंट रात्री बाथरूमला जाताना पडू शकतो. म्हणून सात बँडची अट मला अवाजवी वाटत नाही.

वेळ का लागतो, तेही सांगते. इंग्रजीतले सर्वांत जास्त वापरले जाणारे दोन हजार शब्द आले की साधारण मजकुरातले ऐंशी टक्के शब्द ओळखीचे होतात. ते पुन्हापुन्हा भेटतात, त्यामुळे आपोआप पाठ होतात. पण कोणाच्या मदतीवाचून वर्तमानपत्र किंवा कादंबरी वाचायची, तर आठ ते नऊ हजार शब्दकुळे (मूळ शब्द आणि त्याची रूपे मिळून एक कुळ) लागतात, असा भाषातज्ज्ञ पॉल नेशन यांचा २००६ सालचा हिशेब आहे. यातला सातव्या-आठव्या हजारातला शब्द अख्ख्या पुस्तकात एकदा भेटेल, कदाचित भेटणारही नाही. त्याची ओळख व्हायला भरपूर वाचावे लागते, दुसरा उपाय मला तरी सापडलेला नाही. केंब्रिजच्या इंग्रजी परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या अंदाजाने युरोपीय मोजपट्टीवरची बी२ पातळी गाठायला ५०० ते ६०० तास शिकावे लागते आणि तिच्या वरच्या सी१ला ७०० ते ८००. सात बँड साधारण सी१मध्येच येतात. मधल्या दोनशे तासांचे काम पंधरा दिवसांत कसे व्हावे? क्लासवाले मग निबंधांचे साचे पाठ करून घेतात. परीक्षकाला पाठांतर ओळखता येते आणि गुण कापले जातात. मुलगी पुन्हा फी भरते. ही फी कित्येक घरांत आईचे दागिने गहाण ठेवून भरलेली असते.

आमच्या नर्सिंग कॉलेजांकडूनही अपेक्षा आहे. बी.एस्सी. नर्सिंगच्या चार वर्षांत इंग्रजी येते ते पहिल्या सत्रात, ४० तास. नंतर वॉर्डात पेशंटशी मराठीत, मिरजेत कानडीतही बोलायचे, आणि ते तसेच हवे. इंग्रजी उरते केसपेपरपुरते. तेच पन्नास-साठ शब्द वर्षानुवर्षे लिहिले जातात आणि भाषा तिथेच थबकते. चौथ्या वर्षापर्यंत आठवड्याला दोन तास नुसते वाचायला आणि ब्रिटिश, आयरिश बोलणे ऐकायला दिले, तरी मोठा फरक पडेल. त्याला वेगळा शिक्षकही लागत नाही. ग्रंथालयात सोप्यापासून अवघडापर्यंत लावलेली गोष्टींची पुस्तके आणि एक चांगला विद्यार्थी-शब्दकोश हवा. बहुतेक नर्सिंग ग्रंथालयांत मला पाठ्यपुस्तकांखेरीज काही दिसले नाही.

परदेशी जाणाऱ्या केरळी लोकांसाठी काम करणाऱ्या केरळ सरकारच्या नोर्का रूट्स या संस्थेने तिरुवनंतपुरममध्ये परदेशी भाषा शिकवणारे केंद्र काढले आहे. तिथे आयईएलटीएस, ओईटी (आरोग्यसेवेतल्या लोकांसाठीची इंग्रजी परीक्षा) आणि जर्मनची तयारी करून घेतात. आपल्याकडे सांगली-मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावात असे सरकारी केंद्र निघायला हवे.

आपल्याकडे एक मागणे आहे. ‘पंधरा दिवसांत’ची जाहिरात स्वीकारताना त्या क्लासला एवढे विचारावे, की मागच्या वर्षी किती मुली बसल्या आणि लेखनात साडेसहा किती जणींना मिळाले. उत्तर मिळाले तर जाहिरातीशेजारी छापावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका, मिरज