गोव्याहून आल्यावर

नागपूर,
ता. ९ फेब्रुवारी

प्रिय बंड्या,

तुझ्या दोन मेसेजांना नुसता अंगठा दाखवून गप्प बसलो म्हणून चिडला असशील. पण हे फोनवर बोटं आपटत सांगण्यासारखं नव्हतं. गोव्याहून आल्यापासून डोक्यात घरं आणि देवळं फिरताहेत आणि त्यातलं निम्मं नागपुरातल्या महाल भागातल्या आपल्या वाड्याशी येऊन अडकतंय. शेवटी कागदच घेतला.

नागपूर-मडगाव गाडीत चोवीस तासांच्या वर गेले, त्याचं वर्णन करत नाही. घरून नेलेल्या पुऱ्या बडनेऱ्यापर्यंतच पुरल्या एवढं सांगितलं की तुला सगळं कळेल. समुद्र शेवटच्या दिवशी तासभर पाहिला. तुझ्या वहिनीला पाय भिजवायचे होते, ते भिजवून झाले.

पहिल्या दिवशी जुनं गोवं. बॉम जेझूचं चर्च लांबून दिसलं तेव्हा वाटलं, याचं काम अर्धवट राहिलंय की काय! सगळा जांभा दगड उघडा. पूर्वी त्यावर गिलावा होता, तो १९५० च्या दशकात खरवडून काढला. इमारत १५९४ ला सुरू होऊन १६०५ ला पूर्ण झालेली. आत ख्रिस्ती धर्मप्रचारक फ्रान्सिस झेवियरचं शव आहे. हा माणूस १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर वारला. तिथे पुरला, मग मलाक्का, मग १५५४ मध्ये गोवा. खालचा संगमरवरी चबुतरा इटलीच्या फ्लॉरेन्सहून आला, पण वरची चांदीची पेटी गोव्याच्याच सोनारांनी १६३०-४० च्या सुमारास घडवली. लोक शव दिसतंय का म्हणून टाचा उंचावत होते, मी आपला त्या पेटीवरची नक्षी बघत राहिलो. आपल्या इतवारीतल्या सराफ्यात लहानपणी तासन्‌तास उभे राहायचो, आठवतं? तोच हात वाटला.

समोरच्या से कॅथेड्रलला दोन मनोरे होते, त्यातला एक १७७६ मध्ये पडला तो पडलाच. पुन्हा कोणी बांधला नाही. थोडं वर चढून गेलं की संत ऑगस्टिनच्या चर्चचा मोडका मनोरा, तोही ४६ मीटर उंच! तिथे वहिनीच्या चपलेचा अंगठा तुटला आणि ती अनवाणी पायऱ्यांवर बसली, म्हणून मला पाटी नीट वाचायला वेळ मिळाला. जॉर्जियाची राणी केटेव्हान १६२४ मध्ये इराणात मारली गेली, तिच्या अस्थी इथे आणून ठेवलेल्या होत्या. उत्खननात सापडल्या, तपासण्या झाल्या आणि २०२१ मध्ये भारताने त्यांचा एक भाग जॉर्जियाला दिला. कुठली राणी, कुठे मेली, कुठे राहिली आणि चारशे वर्षांनी घरी गेली!

रोगराईला कंटाळून लोक हे शहर सोडून गेले. राजधानी १८४३ मध्ये पणजीला गेली आणि इथले दगडही तिकडच्या बांधकामाला गेले. म्हणजे गावच गावाने उचलून नेलं.

दुसऱ्या दिवशी फोंडा. इथे मला खरी गंमत कळली. मंगेशी, म्हार्दोळची म्हाळसा, कवळ्याची शांतादुर्गा, यातलं एकही दैवत मूळचं तिथलं नाही. मंगेश कुठ्ठाळीचा, म्हाळसा वेर्ण्याची, शांतादुर्गा केळोशीची. सोळाव्या शतकात पोर्तुगीज देवळं पाडायला लागले तेव्हा लोकांनी देव उचलले आणि झुआरी नदी ओलांडून पलीकडे आणले, कारण फोंड्यावर तेव्हा आदिलशहाचा अंमल होता. एका मुसलमान राजाच्या मुलखात देव सुखरूप राहिले, हे आपल्या कट्ट्यावर सांगितलं तर अर्धे लोक चहा टाकून उठतील. सांगणार आहे मात्र.

आणि देवळं कशी, तर शिखराच्या जागी घुमट, कमानींच्या खिडक्या, मंडपात काचेची झुंबरं, समोर मजल्यामजल्यांची पांढरी दीपमाळ. कवळ्याचं आताचं देऊळ १७३८ चं, शाहू महाराजांच्या काळातलं. वहिनी म्हणाली, "हे तर चर्चसारखंच दिसतंय." गवंडी आणि सुतार दोन्हीकडे इथलेच, दुसरं काय होणार?

तिसऱ्या दिवशी चांदोर. ऐक, या गावाचं जुनं नाव चंद्रपूर! कदंब राजांची राजधानी होती. मी टॅक्सीवाल्याला म्हटलं, आमच्या शेजारीही एक चंद्रपूर आहे, तिथे उन्हाळ्यात माणूस वाळत घातल्यासारखा होतो. त्याला काही हसू आलं नाही.

तिथलं मेनेझिस ब्रागांझांचं घर बघच तू. रस्त्याच्या कडेने खिडक्याच खिडक्या. दोन वारसांत घर मधोमध वाटलेलं, दोन दारं, दोन दानपेट्या. एका बाजूला खासगी देवघरात झेवियरचं नख जपून ठेवलंय, दुसऱ्या बाजूला लुईस दि मेनेझिस ब्रागांझांचा ग्रंथसंग्रह. ते पत्रकार होते, पोर्तुगीज राजवटीविरुद्ध लिहायचे. नाचाच्या दालनात झुंबरं आहेत आणि भिंतीला ओल आहे. घर दाखवणाऱ्या बाई प्रत्येक खोलीत दिवा लावत आणि निघताना न विसरता बंद करत. मला एकदम आई आठवली.

खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांची तावदानं. काच महाग होती, म्हणून शिंपले घासून चौकटीत बसवायचे. ऊन आत येतं ते दुधात बुडवून काढल्यासारखं. आणि पुढच्या दाराशी बाल्कांव म्हणून प्रकार असतो, छप्पर असलेला ओटा, दोन्ही बाजूंना बसायला बांधीव बाकं. आपली छपरीच की रे! तुझे बाबा जिथे पेपर वाचायचे आणि आपण खांबाला धरून गोल फिरायचो, ती. मी त्या बाकावर बसलो तर उठेचना.

आता मुद्द्याचं. वाड्याचा करार वीस तारखेला आहे. काका-पुतणे सगळे सह्या करायला तयार आहेत, मीही करणार. बिल्डरकडून छपरीचे चार सागवानी खांब तेवढे मागून घेतलेत, तो हसून हो म्हणाला. पण माझ्या फ्लॅटच्या बाल्कनीत खांब आडवासुद्धा मावत नाही. तुझ्या नाशिकच्या घराला अंगण आहे. चारही तिकडे पाठवू का? भाडेकरू म्हणून राहिलात तरी त्या खांबांवर तुझा हक्क माझ्याइतकाच. ट्रकचं भाडं निम्मं-निम्मं. उंची मोजून ठेवलीय, नऊ फूट. तुझ्याकडे छप्पर किती उंच ते मोजून आठवडाभरात कळव.

तुमच्याकडच्या वहिनींना नमस्कार. काकूंच्या गुडघ्याचं काय झालं तेही लिही.

तुझा,
दिलीप