निळ्या झाकणाच्या नळीसाठी, ताई, तुमचे आभार

ताई, सप्रेम नमस्कार.

आमच्या गावात रक्ताचे नमुने घ्यायला तुम्ही दापोलीहून येता. तोंडावर आभार मानले तर "कामच आहे माझं" म्हणून गाडीला किक माराल, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे.

हृदयात धातूची झडप बसवल्यापासून आईला ॲसिट्रॉम, म्हणजे रक्त पातळ ठेवणारी गोळी, कायमची लागली. रक्त पुरेसं पातळ नसलं तर झडपेवर गुठळी, फार पातळ झालं तर रक्तस्राव. रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा म्हणजे आयएनआर. निरोगी माणसाचा तो १ च्या आसपास असतो, आईचा २.५ ते ३.५ मध्ये ठेवायला डॉक्टरांनी सांगितलंय. गोळी किती द्यायची ते या आकड्यावर ठरतं.

त्या दिवशी आईची शीर सापडेना. नळी अर्धीच भरली. "पुरे की एवढं," शेजारच्या काकू म्हणाल्या. तुम्ही ती नळी बाजूला ठेवलीत, आईचा दुसरा हात कोमट पाण्याने शेकायला लावलात आणि पुन्हा रक्त घेतलंत, रेषेपर्यंत. निळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू न देणारं सायट्रेट आधीच मोजून घातलेलं असतं. त्याच्या एका भागाला रक्ताचे नऊ भाग हवेत. रक्त कमी पडलं की सायट्रेट जास्त होतं, रक्त गोठायला उशीर लागतो आणि आयएनआर खोटाच वाढलेला दिसतो. त्या आकड्यावर कोणी गोळी कमी केली असती तर? अजून धडकी भरते.

बाबांनी मासळीच्या पेटीतला बर्फ पुढे केला, तोही तुम्ही नको म्हणालात. गारठ्याने रक्त गोठवणारे काही घटक आधीच जागे होतात, म्हणून ही नळी सावलीत, साध्या तापमानाला ठेवायची आणि २४ तासांच्या आत तपासायची. नळी हलवतानासुद्धा तुम्ही ती हळूच उलटी-सुलटी करता, घुसळत नाही.

आणि अळू! गोळीच्या भीतीने आईने पावसाळ्यातला टाकळा, अळू सगळं सोडलं होतं. पालेभाजीतलं के जीवनसत्त्व गोळीच्या उलट काम करतं, हे खरंच. पण भाजी तोडण्यापेक्षा दर आठवड्याला सारख्याच प्रमाणात खाल्ली तर चालेल का, हे डॉक्टरांना विचारायला तुम्हीच सुचवलंत. ते हो म्हणाले. आई आता जेवते, ताई, नुसती ताटावर बसत नाही.

वाया गेलेल्या त्या नळीचा हिशेब तुमच्याकडे कोणी मागू नये, म्हणून हे पत्र तुमच्या लॅबच्या मालकांनाही दाखवणार आहे.

तुमची कृतज्ञ,
एका पेशंटची मुलगी