मोती तलावाकाठी थोडा अंधार राहू द्या

संपादक महोदय, स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात भाच्याने फोनवर एक व्हिडिओ पाठवला, सावंतवाडीच्या मोती तलावाचा, रात्रीचा. मी तो आईला दाखवला. आई ऐंशीच्या पुढची आहे, लग्न होऊन आली तेव्हापासून तिचं सगळं आयुष्य सावंतवाडीत गेलं, आत्ता तीन वर्षं माझ्याकडे डोंबिवलीत आहे. तिने चष्मा वर करून दोनदा बघितलं आणि म्हणाली, "ह्या खंयचा तळा गो? गोंयचा काय?" मी सांगितलं की अगं आपलाच तलाव, तर गप्प झाली. सगळीकडे रंगीत लायटिंग, निळं, मग गुलाबी, मग हिरवं, आणि त्या झगमगाटात समोरचा राजवाडा कुठे दिसतच नव्हता. म्हणून हे पत्र.

सावंतवाडीला आम्ही नुसतं वाडी म्हणतो. बाहेरच्यांना हे गाव गोव्याच्या वाटेवरचं म्हणून माहीत असतं, म्हणजे असायचं. पूर्वी मुंबई गोवा हायवे गावातून, तलावाच्या बाजूने जायचा, एसटीत रात्रभर आखडून बसलेली माणसं सकाळी खिडकीतून ते पाणी बघून जागी व्हायची. आता झाराप पत्रादेवी बायपासमुळे गोव्याच्या गाड्या बाहेरच्या बाहेर निघून जातात. गावात गर्दी कमी झाली ते चांगलंच झालं, पण एक अख्खी पिढी कोकणात दहा वेळा जाऊन आलीय आणि वाडीचा तलाव बघितलेला नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

हा तलाव आपोआप झालेला नाही. संस्थानच्या काळात, १८७४ साली तो बांधला. भर गावात, बाजाराला लागून, राजवाड्याच्या समोर एवढं पाणी अडवून ठेवायचं हे तेव्हा कुणाच्या तरी मनात आलं, आणि त्यानंतर आख्खं गाव त्या पाण्याभोवती जगत आलं. बाजारात जाताना तलाव, शाळेतून येताना तलाव, गणपती पोचवायला तलाव, कुणाशी भांडण झालं तरी डोकं शांत करायला तलावाचा कट्टा. पत्तासुद्धा तलावावरून सांगायचा, तलावाच्या अल्याड की पल्याड.

माझे वडील रोज रात्री जेवण झालं की आम्हा भावंडांना फेरीला न्यायचे. तेव्हा लाईट सारखी जायची. लाईट गेली की घरात उकडायचं, मग सगळी आळीच तलावावर येऊन बसायची. अंधारात कोण बसलंय ते आवाजावरून कळायचं. आणि तेव्हा पाण्यात राजवाडा दिसायचा. दिवसा तो लाल चिऱ्यांचा राजवाडा तसा साधाच वाटतो, पण चांदण्या रात्री त्याच्या कमानी पाण्यात अशा उलट्या उतरायच्या की आम्ही श्वास रोखून बघायचो. वडील म्हणायचे, "बघ गो, राजवाडो पाण्यात न्हाता." मृगाच्या सुमाराला नरेंद्र डोंगरावरून पाऊस चालत यायचा तोही तिथनंच दिसायचा, आधी डोंगर पुसला जायचा, मग पलीकडची घरं, मग तलावाचं पाणी त्या टोकापासून खडबडीत होत आपल्याकडे यायचं, आणि वडील हात धरून ओढायचे, "पावस इलो, चल बेगीन घराक." आम्ही मुद्दाम हळू चालायचो.

त्याच राजवाड्यात गंजिफा रंगवतात. गोल पत्ते, हाताने रंगवलेले, दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येकाची बारा पानं, एकूण १२०. ही कला जवळजवळ संपलीच होती, १९७०च्या दशकात सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे आणि राजमाता सत्वशीलादेवी भोसले यांनी म्हाताऱ्या चिताऱ्याकडून स्वतः शिकून घेतली आणि पुढे मुलांना शिकवली म्हणून आज आहे. चितारआळीतली लाकडी खेळणी तर सगळ्यांना माहीत आहेत, ती लाकडाची केळी, आंबे, मिरच्या, आणि आमची बुडकुली, म्हणजे भातुकलीची छोटी भांडी. माझी बुडकुली अजून माझ्याकडे आहे, रंग थोडा उडालाय, पण झाकणं बरोबर बसतात. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण ज्या गावाला रंग कसा आणि किती लावायचा हे पिढ्यानपिढ्या कळतं त्या गावाच्या तलावावर असे भडक रंग बघवत नाहीत.

माझा लायटिंगला विरोध नाही. रस्त्यावर दिवे हवेत, बायका रात्री निर्धास्त फिरल्या पाहिजेत, मुलांना कारंजं आवडतं, पर्यटक आले तर आमच्याच माणसांची चार खेळणी जास्त खपतील. तलावाचा गाळ वेळच्या वेळी काढा, भिंत मजबूत ठेवा, त्यावर खर्च झाला तर कुठलाच वाडीकर कुरकुर करणार नाही. मागणं एवढंच आहे की राजवाड्यासमोरच्या काठावर रंगीत दिवे नकोत, रस्त्यापुरते साधे दिवे पुरे, आणि रोज शक्य नसेल तर निदान पौर्णिमेला तरी रात्री नऊनंतर तेवढा भाग बंद ठेवावा. याला पैसे लागत नाहीत, एक बटण लागतं. आणि आम्ही जे बाहेर राहतो, चार दिवस येतो, फोटो काढतो आणि गाव बदललं म्हणून हळहळतो, त्यांनीही हे नुसतं व्हॉट्सॲपवर न बोलता लेखी कळवावं. मी कळवलंय, उत्तराची वाट बघतेय.

मे महिन्यात आईला घेऊन जाणार आहे, ठाण्याहून तुतारीची तिकिटं काढलीत. गाडीचं ते नाव केशवसुतांच्या कवितेवरून आहे आणि तलावाकाठी केशवसुत कट्टाही आहे, आईला तिथेच बसायचंय. गुडघे दुखतात म्हणून फेरी जमणार नाही, पण जेवण झाल्यावर रिक्षाने तिथवर नेईन. राजवाडा पाण्यात दिसेल ना, असं ती आत्तापासून विचारतेय.

एक वाडीकर, डोंबिवली