‘टेक अप’ म्हणजे ‘व्यापणे’ एवढं छापून भागत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या पुरवणीत इंग्रजी शिकवणारी जी छोटी चौकट येते तिच्याबद्दल लिहितेय. मी संध्याकाळी स्पोकन इंग्लिशची बॅच घेते, बॅचमध्ये एमआयडीसीतली पोरं, नर्सबाई, बँकेच्या परीक्षा देणारे असे सगळे मिसळून आहेत आणि त्यातले बरेच जण तुमची चौकट वाचून, मोबाईलवर फोटो काढून येतात. म्हणजे ती वाचली जाते, नुसती जागा भरायला नाहीये, म्हणून तर एवढं लिहायचं. मागच्या चौकटीत कामात गुंतणं, वेळ जाणं ह्या अर्थाची फ्रेझल व्हर्ब होती, म्हणजे साध्या क्रियापदाला अप, ऑन असा छोटा शब्द जोडून वेगळाच अर्थ होतो ती. टेक अप म्हणजे व्यापणे, टाइड अप म्हणजे व्यस्त, कॉट अप म्हणजे अडकलेला, हेल्ड अप म्हणजे खोळंबलेला. अर्थ चारही बरोबर आहेत हो, पण एका शब्दापुढे एक मराठी शब्द ठेवला की वाचणारा काय करतो तर मराठी वाक्यातला तेवढाच शब्द काढून तिथे इंग्रजी बसवतो, आणि मग ‘आय टेक अप इन माय वर्क’ असली वाक्यं ऐकायला मिळतात.

टेक अपचंच बघा. आपण म्हणतो ‘ह्या कामात माझी सगळी सकाळ जाते’. आपल्याकडे जाते ती सकाळ, काम नुसतं ‘कामात’ म्हणून बाजूला उभं असतं आणि माणूस तर ‘माझी’ मध्येच संपला. इंग्रजीत उलटं, तिथे कर्ता काम आहे आणि सकाळ कर्म, ‘दिस वर्क टेक्स अप माय होल मॉर्निंग’. ही उलटापालट एकदा नीट दाखवली की पोरांना लगेच कळतं, पण ‘व्यापणे’ वाचून ती कळायची शक्यताच नाही, कारण बोलताना कोण म्हणतं की कामाने माझी सकाळ व्यापली? त्यापेक्षा ‘खाणे’ लिहिलं असतं तर जास्त जवळ गेलं असतं, मीटिंगने दोन तास खाल्ले, कपाटाने अर्धी खोली खाल्ली, दोन्हीला टेक अप चालतं, कारण वेळ असो नाहीतर जागा, मुळात मोजकी असलेली गोष्ट कोणीतरी बळकावली असा त्याचा रोख आहे. साधं ‘टेक’ वेगळं. ‘इट टेक्स टू अवर्स’ म्हणजे दोन तास लागतात, बास, त्यात तक्रार असेलच असं नाही. कर्माच्या जागी सर्वनाम आलं की ते टेक आणि अपच्या मध्ये शिरतं, ‘टेक्स इट अप’, ‘टेक्स अप इट’ नाही. आणि माणसालाच कर्ता करायचं तर ‘शी इज टेकन अप विथ द वेडिंग’, म्हणजे लग्नाच्या गडबडीत पार बुडालीय. इथे तो ‘विथ’ सोडून चालत नाही. पण त्याच विथला धरून ‘ही टुक अप विथ देम’ म्हटलं तर अर्थ होतो तो त्यांच्या नादी लागला, आणि ती मंडळी बहुधा बरी नसतात! शिवाय टेलरकडे टेक अप म्हणजे पँट खालून आखूड करणं, गाण्याचा क्लास टेक अप करणं म्हणजे सुरू करणं. एका ओळीत हे सगळं मावणार नाही मान्य आहे, पण मग आठवड्याला चार क्रियापदं देण्यापेक्षा एकच द्या ना.

टाइड अपचा घोळ अजून मजेशीर आहे. आपल्याकडे बाई कणीक मळताना फोन वाजला तर म्हणते ‘हात गुंतलेत गं, उचल जरा’. ह्याचं पोरं हमखास ‘माय हँड्स आर टाइड’ करतात आणि इंग्रजीत त्याचा अर्थ निघतो माझ्या हातात काही नाही, नियमाने बांधलेय, म्हणजे सरकारी ऑफिसात साहेब सांगतात ते. फोनवर सांगायचं असेल तर ‘ही इज टाइड अप ॲट द मोमेंट’ हे चांगलं, सभ्य, रोज लागणारं वाक्य आहे, रिसेप्शनवर बसणाऱ्या पोरीला तर ते पहिल्या दिवशी यायला पाहिजे. आणि गंमत म्हणजे टाइड अप पैशालाही चालतं, ‘माय मनी इज टाइड अप इन लँड’, आपणही अगदी तेच म्हणतो, पैसे जमिनीत अडकलेत, गुंतलेत, आपली ‘गुंतवणूक’ त्यातूनच आली. इथे मराठी आपोआप मदतीला येते, ती का नाही घ्यायची? जिथे जुळतं तिथे जुळवून दाखवा आणि जिथे फसवतं तिथे लाल रंगात छापा.

सगळ्यात जास्त फसवतं ते कॉट अप. ‘आय वॉज कॉट अप इन वर्क’ म्हणजे कामात अडकले होते. पण ‘आय ॲम कॉट अप ऑन माय वर्क’ म्हणजे साठलेलं काम उरकलं, आता मोकळी आहे. बरोब्बर उलट! फरक फक्त इन आणि ऑनचा. एखाद्याने साहेबांना कामात अडकलोय म्हणून मेल करायचं आणि त्यांनी तो रिकामा बसलाय असं समजून अजून एक फाईल टाकायची, अशी वेळ येऊ शकते. तुमच्या चौकटीत नुसतं ‘कॉट अप – अडकलेला’ आहे, ना पुढचं इन ना ऑन. हेल्ड अपचं त्या मानाने सोपं आहे, ट्रॅफिकमध्ये, घाटात, बँकेच्या रांगेत कुठेही खोळंबलात तर तेच.

काही जण म्हणतील की परीक्षेला अर्थच विचारतात, वाक्य कोण बघतंय. असं नाहीये. आयबीपीएसच्या, म्हणजे बँक भरतीच्या, पूर्वपरीक्षेत इंग्रजीचे 30 प्रश्न 20 मिनिटांत सोडवायचे असतात, त्यात गाळलेल्या जागा आणि चूक ओळखा अशा प्रकारचे प्रश्न असतात, तिथे अर्थ पाठ असून पुढे विथ की इन हे माहीत नसेल तर मार्क गेलाच. आणि आपल्या राज्यात 2000 सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे, आमच्या वेळी पाचवीत एबीसीडी सुरू व्हायची, म्हणजे आत्ताच्या पोरांना शब्द कमी पडतात असं अजिबात नाही. वर्क, मॉर्निंग, टेक, अप, सगळे शब्द त्यांना दुसरीतच येतात. ते वाक्यात कसे उभे करायचे हे कोणी सांगत नाही, आणि फ्रेझल व्हर्बची अडचण तीच आहे, शब्द सोपे आणि जोडी अवघड.

खरं तर मराठी माणसाला हा प्रकार नवीन नाहीये. आपण ‘करून टाक’, ‘करून ठेव’, ‘करून दे’, ‘करून बघ’ म्हणतो, त्यातलं टाकणं म्हणजे काही फेकणं नाही आणि ठेवणं म्हणजे फडताळात ठेवणं नाही. ‘करून टाक’ मध्ये एकदाचं संपव असा सूर आहे, ‘करून ठेव’ मध्ये पुढे लागेल म्हणून आत्ता, ‘करून दे’ मध्ये दुसऱ्यासाठी. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाला विचारा हे किती जड जातं ते, त्याला टाक म्हणजे फेक एवढंच शिकवलं तर तो जन्मभर गोंधळेल. मी बॅचमध्ये पहिल्या दिवशी हेच सांगते, आणि मग त्या अप, ऑन, इनची भीती बरीच जाते. तुमच्या चौकट लिहिणाऱ्यांनी एखादा आठवडा ह्याच्यावर घालवला तर पुढची सगळी क्रियापदं सोपी जातील.

तर मागणं एवढंच आहे. एका वेळी एक क्रियापद, त्याची निदान तीन पूर्ण वाक्यं, आणि वाक्यंही आपल्याकडची, म्हणजे शिफ्ट, एसटी, दवाखाना, पाहुणे. लंडनच्या टॉमला पार्टीला जायला उशीर झाला हे आम्हाला काय करायचंय. कर्ता माणूस आहे का वस्तू ते सांगा, मागे कुठलं अव्यय येतं ते ठळक करा. पुढच्या वेळी ‘होल्ड’ची मालिका येणार असं खाली छापलंय, तर होल्ड अप, होल्ड ऑन, होल्ड बॅक सगळं एकाच चौकटीत कोंबू नका, आणि ‘होल्ड अप’ घ्याल तेव्हा त्याचा एक अर्थ धाक दाखवून लुटणं असाही आहे तो विसरू नका, कारण ‘द बँक वॉज हेल्ड अप’ म्हणजे बँकेला उशीर झाला असं आमच्या वर्गात एकाने ठामपणे सांगितलेलं आहे.

कळावे,
आपली एक वाचक,
कराड