चाचा, तुम्ही टाकीला श्वास दिलात

आदरणीय चाचा,
सलाम.

तुम्ही मजुरी घेतली नाही, नाव लिहू नको म्हणालात, वर “इत्ती सी बात का क्या खत लिखती बेटा” असं म्हणून हात झटकलात. पण माझ्या जुन्या गाडीच्या ज्या दुखण्यानं तीन महिने मला झोप लागू दिली नाही, ते तुम्ही एका दुपारी शोधून दिलंत. म्हणून तुमचं नाव न घेता, पण चारचौघांसमोर, हे आभार.

तुम्हाला ठाऊकच आहे, ही पद्मिनी गाडी अण्णांची. 1984 चं मॉडेल. अण्णा गेल्यावर गावाकडच्या गोठ्यात नऊ वर्षं उभी होती. मी पत्रा करून घेतला, रंग दिला, वायरिंग नवं टाकलं, टाकीतला गंज साफ केला. पेट्रोलचं जुनं झाकण ढिलं होतं, हाताला लागलं तरी वाजायचं, म्हणून रबराचं वायसर असलेलं नवं घट्ट झाकण आणून बसवलं. त्याचं मला केवढं समाधान वाटलं होतं!

आणि तिथूनच त्रास सुरू झाला. जालन्यातून निघालं की गाडी मस्त पळायची. बदनापूर आलं की जोर कमी व्हायचा, झटके बसायचे आणि बंद. टाकीतलं पेट्रोल ओढणाऱ्या एसी पंपाचा पडदा बदलला, मग अख्खा पंप बदलला, कार्बोरेटर दोनदा खोलला, कॉइल नवी टाकली. जो तो म्हणायचा, मे महिना आहे, पेट्रोलची वाफ होतेय, पंपावर ओलं फडकं ठेवा. फडकं ठेवून अर्धा तास थांबलं की गाडी चालू व्हायची, त्यामुळं मलाही फडक्याचाच गुण वाटायचा. त्या अर्ध्या तासात टाकीत कुठूनतरी हवा झिरपत होती, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

तुम्ही त्या दिवशी रस्त्याच्या कडेला गाडी पाहून थांबलात आणि बॉनेटला हातही लावला नाहीत. एकच विचारलंत, “टाकी फुल्ल रहती तब जल्दी बंद पडती, के कम रहती तब?” मी म्हटलं, फुल केल्यावर लवकर. तुम्ही मागं गेलात, झाकणाला कान लावलात आणि ते सावकाश फिरवलंत. सूंऽऽ करून टाकीनं हवा आत ओढली. तो आवाज मलाही ऐकता यावा म्हणून गाडी पुन्हा पाच-सात किलोमीटर पळवायला लावलीत आणि झाकण माझ्या हातानं उघडायला लावलंत. याच गोष्टीसाठी मी तुमची सर्वांत जास्त ऋणी आहे.

“पेट्रोल निकलता तो उसकी जगा हवा जाना ना?” तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं की तेल अडखळत येतं, दुसरं पाडलं की धार लागते, तसंच हे. हवा आत आली नाही की टाकीत पोकळी होते, पंप कितीही नवा असला तरी ओढून ओढून थकतो. टाकी भरलेली असली की वर हवा थोडीच असते, म्हणून पोकळी लवकर होते. तुमच्या त्या एका प्रश्नात सगळं निदान होतं.

मग गाडी आमच्या घरी आणल्यावर डिकीचं अस्तर काढून तुम्ही हवेची बारीक नळी सोडवलीत आणि आत तार घातलीत. पिवळट मातीचा खडा निघाला, बोटाच्या पेराएवढा, आणि त्याच्यामागं वाळून गेलेले दोन कोळी. कुंभारीण माशीचं घर! गोठ्यात असतानाच तिनं ते बांधलं असणार. तोवर गाडी जुन्या ढिल्या झाकणातून श्वास घेत होती. मी ते बदललं आणि तिचं नाक दाबलं. जुन्या गाडीत एक बिघाड दुसऱ्या बिघाडाला सांभाळून घेत असतो, हे मला तोपर्यंत कळलं नव्हतं.

झाकणालाच भोक पाडून मोकळं व्हा, असं मला आधी एका गॅरेजवाल्यानं सांगितलं असतं तर मी पाडलंही असतं. तुम्ही नाही पाडू दिलंत. पावसाचं पाणी आत जाईल, वळणावर पेट्रोल उसळून बाहेर येईल, आणि उन्हात टाकी तापली की वाफेला सुरक्षित वाट हवी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती डिकीत तळाशी साचली तर एक ठिणगी पुरे. मी आणलेली पारदर्शक प्लॅस्टिकची नळी तुम्ही बाजूला ठेवलीत, ती कडक होऊन तडकते म्हणून. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्यात जुनं रबरही फुगतं, म्हणून इंधनाचीच नळी घ्यायला लावलीत. ती आधी टाकीच्या वर उंच नेली, मग खाली वळवून सायलेन्सरपासून लांब बाहेर काढली. तोंडाला बारीक जाळी, पुन्हा कुंभारीण शिरू नये म्हणून.

शेवटी ते चहाच्या ग्लासाचं. नळीचं टोक पाण्यात धरलंत आणि गाडी उन्हात उभी केलीत. थोड्या वेळानं एक बुडबुडा आला, मग दुसरा, मग सलग. टाकी श्वास सोडत होती. थंड झाली तर पाणी ओढेल म्हणून लगेच टोक बाहेर काढलंत. आई दारातून बघत होती. “यांच्या गाडीला कधी असं कुणी बघितलं नव्हतं,” एवढंच म्हणाली.

परवा आईला घेऊन छत्रपती संभाजीनगरला जाऊन आले, एकाच दमात. बदनापूरला आईनंच विचारलं, “थांबायचं नाही का?” मी चहासाठी थांबले, तेही माझ्या मर्जीनं. खाली उतरून झाकण फिरवून पाहिलं. आवाज आला नाही.

तो मातीचा खडा मी डबीत घालून ठेवलाय. पुढच्या रविवारी ब्रेक दाखवायला गाडी आणते आहे. आईनं मोसंबीची पिशवी आत्तापासूनच काढून ठेवली आहे, तिला नाही म्हणू नका.

तुमची,
जालन्याची पद्मिनीवाली