राणीची कथा झाली, लोखंडाचे काय?

महोदय,

अयोध्येची राजकन्या समुद्र ओलांडून कोरियात गेली आणि गिम्हेच्या सुरो राजाची राणी झाली, ही कथा आपल्या रविवार पुरवणीत पुन्हा वाचली. कथा गोड आहे. पण तिच्यातले साल इ.स. ४८ आणि ती लिहून ठेवणारा 'सामगुक युसा' हा ग्रंथ तेराव्या शतकातला! त्याच गिम्हेच्या परिसरात जे जमिनीतून प्रत्यक्ष निघाले, त्याला लेखात एक ओळही मिळू नये?

लोखंडी अवजारे कोरियात आली ती चीनच्या यान राज्याकडून. चीन-कोरिया सीमेवरच्या यालू नदीजवळ योंगयोन-दोंगला कुऱ्हाडी, कुदळी, विळे सापडले, आणि सोबत यानची सुरीच्या आकाराची नाणी. ही अवजारे बिडाची, साच्यात ओतलेली. बीड ठिसूळ; दगडाला लागले की टवका उडालाच.

पुढे दक्षिणेत, नाकदोंग नदीच्या खोऱ्यात, ब्योनहान लोकांनी लोखंडाचा मोठा व्यापार उभा केला. तिसऱ्या शतकातला चिनी इतिहासकार चेन शोऊ सांगतो की शेजारपाजारचे लोक, अगदी जपानचे 'वा'सुद्धा, लोखंड न्यायला इथे येत आणि बाजारात नाण्यांऐवजी लोखंडच चाले. गिम्हेजवळ दाहो-रीला १९८८ मध्ये एक कबर उघडली. झाडाचे खोड कोरून केलेली शवपेटी, तिच्याखाली विणलेली टोपली. आत लोखंडी कुऱ्हाडी, चिनी नाणी आणि दोन्ही टोकांना केस लावलेले पाच कुंचले. कुऱ्हाडींशेजारी लिहिण्याचे कुंचले कशाला? व्यापाराचा हिशेब ठेवायला, असा अभ्यासकांचा कयास आहे. मला तो पटतो.

गंमत पुढेच आहे. चपट्या कुऱ्हाडीची धार गेली, दोन्ही टोके पसरट झाली आणि उरली नुसती लोखंडाची पट्टी. हिचे हवे ते घडवा, नाहीतर पैसा म्हणून चालवा. जपानात नारा येथील एकाच थडग्यात अशा ८७२ पट्ट्या निघाल्या!

अर्थात, हे वैभव सरदारांच्या कबरींतले. साध्या शेतकऱ्याच्या हाती बराच काळ लाकडी अवजारेच असणार. बैलाच्या नांगरटीची नोंद तर कोरियातल्याच सिल्ला राज्यात थेट इ.स. ५०२ ची.

पुढच्या वेळी राणीच्या चित्राशेजारी दाहो-रीच्या एखाद्या कुऱ्हाडीचाही फोटो छापावा, ही विनंती.

– एक निवृत्त इतिहास शिक्षिका, सांगली